पेशकारांची अमानत

आष्टीच्या पेशकारांच्या कोंबडीला काय झालं होतं, ते मला माहीत होतं. ती आजारी पडली त्या सकाळपासूनच माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका कोंबडीचं काय एवढं, असं ती म्हणाली असती आणि ते ऐकून मला बरं वाटलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही.

पेशकार म्हणजे तहसील कचेरीत साहेबापुढे कागद वाचून दाखवणारा आणि साक्षीदारांची बयानं लिहून घेणारा माणूस. निजामाचं राज्य होतं, कचेरीचा कारभार सगळा उर्दूत. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांना पेन्शन बसून दोन वर्षं झाली होती. तरी गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे आणि त्यांच्या डोक्यातली कचेरीही सुटलेली नव्हती.

मी शेतकी खात्यात हंगामी कामदार होतो. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना नवी औषधं, नवं बियाणं दाखवायचं, असलं ते काम. आष्टीला खोली पाहिजे होती, म्हणून त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात लाकडी खुर्चीवर बसले होते. मला बस म्हणाले नाहीत.

"नाव?"

सांगितलं.

"बापाचं नाव? पेशा? आधी कुठं राहत होता? तिथून निघायचं कारण?"

मी उत्तरं देत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "और कुछ?"

"न्हाई."

ते नुसते पाहत राहिले. मला ते सहन होईना. म्हणालो, "मला झोपेत बडबडायची खोड आहे."

"हां," ते म्हणाले. "खोली तुमची. घ्या ताब्यात."

नंतर एकदा त्यांनी मला हे समजावलं होतं. "आधीचं सगळं माणूस घरून पाठ करून येतो, कामदार. खरं बयान 'और कुछ'च्या नंतर सुरू होतं. सगळी नोकरी मी त्याच्यावर काढली." हे मी नीट लक्षात ठेवलं. पुढं त्याचा उपयोग केला, तो सांगतोच.

ते एकटे होते. बायको जाऊन जमाना झाला होता, मूलबाळ नव्हतं. घर धाब्याचं, बाहेरची खोली माझी. अंगणाला कमरेएवढी मातीची भिंत आणि पलीकडे हमीदाबी. त्या विधवा होत्या, रजया शिवून पोट भरायच्या. पेशकार दिवसभरात जे काही बोलायचे ते दोघींशीच. एक हमीदाबी आणि दुसरी कोंबडी.

ब्राह्मणाच्या अंगणात कोंबडी, यावर गावात फार बोलणं होऊन गेलं होतं. दोन भाऊ एका कोंबडीवरून भांडत कचेरीत आले होते. साहेबांनी हुकूम केला, फैसला होईस्तोवर कोंबडी कचेरीच्या ताब्यात राहील. भावांचा समेट झाला की काय कोण जाणे, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. साहेब बदलले, पेशकारांना पेन्शन बसली. नव्या पेशकारानं सगळा चार्ज घेतला, पण कोंबडी घेईना. तेव्हा हे तिला टोपलीत घालून बैलगाडीनं आष्टीला घेऊन आले.

"माझी न्हाई ती," कुणी विचारलं की ते सांगायचे. "अमानत आहे. ज्याची आहे तो येईल, तेव्हा परत द्यायची."

तिचं नावच अमानत पडलं. तांबूस रंगाची, एका पायाचं नख तुटलेली. ते तिला 'आप' म्हणायचे. सकाळी खुराड्याचं दार काढून "तशरीफ लाइए" म्हणायचे आणि ती बाहेर यायची. दुपारी ती त्यांच्या खुर्चीखाली बसायची. ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि मध्येच खाली वाकून विचारायचे, "सुना आपने?" मानेच्या पिसांत बोट घालून खाजवलं की ती डोळे मिटायची. मग तेही मिटायचे. त्या घरात दुसरं कुणी कुणाला हात लावत नव्हतं.

अंडं त्यांना चालत नव्हतं. ते केळीच्या पानात गुंडाळून भिंतीपलीकडे जायचं.

"अमानतीचं उत्पन्न आहे, हमीदाबी. पोच लिहून द्या."

"लिवता आलं असतं तर तुमच्या शेजारी कशाला राह्यले असते, पेशकारसाब? आणा इकडं ते अंडं."

घरात काही हरवलं, सांडलं, फुटलं की ते तहकीकात करायचे. एकदा त्यांचा अडकित्ता हरवला. मला विचारून झालं, हमीदाबींना विचारून झालं, दूधवाल्याला विचारून झालं. मग ते खुर्चीवरून उठले, रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडून उभे राहिले आणि स्वतःलाच सवाल करून स्वतःच जवाब देऊ लागले. "शेवटी कधी हातात घेतला?" "जी हुजूर, परसात जाताना." अडकित्ता परसात, पाण्याच्या रांजणामागे सापडला. त्यांनी स्वतःला सजा सुनावली, आठवडाभर सुपारी बंद. मी हसलो. ते हसले नाहीत.

"सजा भोगली की खटल्याची मिसल बंद होते, कामदार. मंग ती पुन्हा उघडायची न्हाई."

त्यांनी ती सजा खरोखर भोगली. आठवडाभर नुसतीच जीभ टाळ्याला लावत बसायचे.

त्यांचे कपडे सांगितले पाहिजेत. पांढरी शेरवानी, पांढरं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. पांढरे म्हणजे नीळ दिलेले, लखलखीत. धोब्यावर विश्वास नव्हता. कचेरीची सुट्टी शुक्रवारी असायची, त्या सवयीनं अजूनही त्याच दिवशी ते स्वतः घंगाळात नीळ कालवून कपडे बुडवायचे, वाळत घालायचे आणि उरलेल्या पाण्यावर लाकडी फळी झाकून ठेवायचे. त्यात कोंबडीनं तोंड घालू नये म्हणून ती फळी. आष्टीच्या बाजारात धूळ काय थोडी होती? त्यातून ते चालत गेले की लोक बाजूला व्हायचे. माणसाला नव्हे, त्या पांढऱ्या रंगाला वाट द्यायचे.

आता माझं काम.

शाळूची पेरणी जवळ आली होती. ज्वारीवर काणी पडते. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. त्यावर खात्याचा उपाय होता मोरचूद. मोरचूद पाण्यात विरघळवायचा, त्यात बी भिजवायचं आणि सावलीत वाळवून पेरायचं. निळसर रंगाचं बी पाहून लोक बिचकत होते. "जमीन निळी पडंल," म्हणायचे. एका म्हाताऱ्यानं भर चावडीवर मला सांगितलं, "तुमी खाऊन दाखवा मूठभर, मंग मी पेरतो." मोरचूद विषच आहे. प्रत्येक गावात माझं पहिलं वाक्य हेच असायचं, या बियाचा दाणा जनावराच्या, कोंबडीच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्या हंगामात किती लोक निळं बी पेरतात, यावर माझी नोकरी कायम व्हायची होती. साहेब पाहणीला येणार होते.

वाटायचं बी मी धाब्यावर चटईच्या आडोशाला वाळवत असे. त्या शुक्रवारी ओलं पोतं घेऊन शिडी चढायचा कंटाळा आला. परसात लिंबाच्या सावलीला गोणपाट अंथरून बी पसरलं आणि बाजारात चहा प्यायला गेलो. तिथं गप्पा निघाल्या. परत आलो तेव्हा अमानत गोणपाटाच्या मधोमध उभी होती. मी तिला हाकललं, बी गोळा केलं, जागा झाडून काढली. ती आत्ताच आली असेल, असं मनाशी म्हणालो.

शनिवारी सकाळी पेशकार तीनतीनदा "तशरीफ लाइए" म्हणाले. ती आली नाही.

त्यांनी तिला उचलून उन्हात ठेवलं. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, तुरा काळपट पडलेला. पाणी दिसलं की पीत होती आणि पुन्हा गोळा होऊन बसत होती. हमीदाबी भिंतीवरून वाकून पाहू लागल्या.

"मानमोडी आली असंल. मागच्या साली सगळं खुराडं खाली झाल्तं माझं."

पेशकारांनी अमानतीची मान दोन्ही बाजूंनी पाहिली. "मानमोडीत मान वाकडी होते. मान सीधी आहे. मानमोडी खारिज."

"मंग अंडं अडकलं असंल. आणा हिकडं." हमीदाबींनी तिच्या पोटाखाली हात घालून चाचपलं. "न्हाई बाई. नरम आहे."

"अंडंही खारिज."

समोरचा किराणेवाला दुकान सोडून आला होता. तो म्हणाला, "नजर हो पेशकारसाहेब. मिरच्या ओवाळा."

"कुणाची नजर? नाव सांगा. समन्स काढतो."

किराणेवाला परत दुकानात गेला.

जनावरांचा डॉक्टर, म्हणजे सालोत्री, दौऱ्यावर होता आणि असता तरी घोडा-बैल सोडून कोंबडीसाठी तो आला नसता. पेशकारांनी तिची दाण्याची पिशवी दाबून पाहिली, चोच उघडून जीभ पाहिली. मग ते खुराड्यापाशी उकिडवे बसले आणि लिंबाच्या पानावर तिची शीट उचलून उजेडात धरली. बराच वेळ पाहत होते.

"निळी आहे," ते म्हणाले. "हिरवी असते. ही निळी आहे."

मी खोलीच्या दारात उभा होतो. मोरचूद पोटात गेला तर दूध आणि अंड्याचं पांढरं पाजावं, हे खात्यानं आम्हाला शिकवलेलं होतं. ते सांगावं तर कारणही सांगावं लागणार. मी म्हणालो, "उष्णता वाटते. दुधात अंड्याचं पांढरं फेटून पाजा. आमच्याकडं गावी असंच करतात."

आमच्या गावी असं कुणी करत नाही.

"अंडं? तिचंच अंडं तिला?" पेशकार थबकले. मग स्वतःशीच विचार करून म्हणाले, "हरकत न्हाई. अमानतीचं उत्पन्न अमानतीवर खर्च."

"पेशकारसाब, ती मरून राह्यली अन् तुमी कायदा सांगून राह्यले! सरका तिकडं." हमीदाबी भिंत ओलांडून आल्या. कालचं अंडं त्यांच्याकडेच होतं. त्यांनी कापसाचा बोळा दुधात भिजवला आणि थेंब थेंब चोचीत सोडला. पेशकारांनी अमानतीला दोन्ही हातांत धरलं होतं. त्यांच्या शेरवानीवर दूध सांडलं, अंड्याचं पांढरं लागलं, निळ्या शिटेचा डाग पडला. ते हलले नाहीत. जेवायलाही उठले नाहीत.

कोंबडी वाचली. दोन-तीन दिवसांत ती कण्या टिपायला लागली. मला वाटलं, संपलं. पण पेशकारांनी खुर्ची अंगणाच्या मधोमध ओढली.

"जान बची. मगर वजह? ज्याची आहे तो उद्या आला आणि त्यानं विचारलं, काय झालं होतं, तर मी काय सांगू?"

हमीदाबींचं बयान आधी झालं.

"शुक्रवारी तुम्ही हिला काय घातलं?"

"कण्या. रोज घालते तेच."

"तुमचा कोंबडा कुठं होता?"

"त्याला कशाला धरता आता? तो बिचारा तुमच्या कोंबडीला भितो."

"और कुछ?"

"और कुछ म्हंजे, तुमी दोन दिस झाले जेवलेले न्हाईत. ते लिवा तुमच्या बयानात."

मग माझी पाळी. शुक्रवारी बी कुठं वाळत होतं, हे त्यांनी मला सरळ विचारलं. निळ्या रंगावरून त्यांचं डोकं तिथवर पोचलेलं होतं.

"धाब्यावर," मी म्हणालो. "रोज तिथंच असतं. कोंबडी शिडी चढत न्हाई."

"बराबर." त्यांनी डोळे मिटले, उघडले. "और कुछ?"

इथं मी जे केलं ते नीट सांगतो. मी लगेच बोललो नाही. खाली पाहिलं. त्यांनी मला शिकवलं होतं, खरं बयान 'और कुछ'च्या नंतर येतं. म्हणून मी माझं खोटं तिथंवर राखून ठेवलं होतं. त्यांना पटेल इतका वेळ गप्प राहिलो आणि मग म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई. शुक्रवारी तुमच्या निळीच्या घंगाळावर फळी नव्हती. हिनं त्यात चोच घातलेली मी पाहिली."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, पकडलं. सगळी उमर खोट्या साक्षीदारांत गेलेला माणूस. पण त्यांची नजर माझ्यावरून उतरून घंगाळाकडे गेली. ते उठले आणि रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले.

"शुक्रवारी फळी ठेवली होती?"

त्यांचे ओठ हलत होते. हात फळी ठेवल्यासारखा एकदा हवेत फिरला. ते आठवायचा प्रयत्न करत होते.

"याद नहीं, हुजूर," ते म्हणाले.

फळी ठेवलेली होती. बी गोळा करून खोलीकडे येताना मी ती पाहिली होती. आता बोलायला पाहिजे होतं. अजूनही वेळ होती. मी माझ्या चपलेकडे पाहत उभा राहिलो.

त्यांनी फैसला उभ्या उभ्याच सांगितला. राखणदाराची गफलत. असा माणूस अमानत ठेवायच्या लायकीचा नाही. कोंबडी हमीदाबींच्या ताब्यात द्यावी. नीळ कायमची बंद. आणि शेवटी माझ्याकडे वळून, "गवाहानं खरं सांगितलं आणि इलाजही सांगितला. त्यांचा मी शुक्रगुजार आहे."

"येडे झाले का तुमी?" हमीदाबी ओरडल्या. "कोंबडी चांगली झाली न्हवं? मंग कशाला?"

त्यांनी अमानतीला उचललं आणि भिंतीवर ठेवलं. हमीदाबी घेईनात. मग त्यांनी स्वतःच तिला पलीकडच्या अंगणात सोडलं आणि घरात जाऊन दार लावलं.

कोंबडीला फैसला कुठला कळतोय? दुसऱ्या दुपारी ती भिंतीवर चढली, इकडे उतरली आणि खुर्चीखाली येऊन बसली. पेशकार खाली वाकले नाहीत. वर्तमानपत्र तसंच धरून म्हणाले, "हमीदाबी, तुमची कोंबडी आली इकडं. घेऊन जा." ती रोज यायची आणि ते रोज तेच म्हणायचे. हमीदाबी तिला नेताना दर वेळी काहीतरी बोलायच्या. "एक डाव हात तरी फिरवा. कोण बघून राह्यलं?" ते वर्तमानपत्राचं पान उलटायचे. पुढं त्यांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली. वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचू लागले.

कपडे पिवळे पडायला फार दिवस लागले नाहीत. शुक्रवारी ते धूत होते, घासत होते, पण निळीशिवाय त्या कापडाला रंग राहिना. बाजारातून ते आता चालले की लोक बाजूला होईनासे झाले. मी रोज सकाळी खोलीचं दार उघडायचो आणि दोरीवर ती पिवळट शेरवानी वाळत असायची. माझ्या दारासमोरच दोरी होती.

त्या साली निळ्या बियाचा शाळू चांगला आला, काणी जवळजवळ पडलीच नाही. साहेबांनी शाबासकी दिली. मी कायम झालो आणि माझी बदनापूरला बदली झाली. निघताना पेशकारांनी मला गूळ-खोबरं दिलं. अमानत भिंतीवर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मीही रस्त्याकडे तोंड करायला शिकलो होतो.

नंतर एकदाच भेट झाली, परतूरच्या स्टेशनावर. माझं लग्न झालं होतं, बायको सोबत होती. ते डोळे दाखवायला जालन्याला निघाले होते. पुतण्या हात धरून होता. रुमाल, शेरवानी, धोतर सगळं हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं. माझा आवाज त्यांनी ओळखला. पुतण्याला म्हणाले, "हे कामदार. ह्यांनी माझी अमानत वाचवली होती." बायकोनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

मी विचारलं, अमानत कशी आहे. "गेली," ते म्हणाले. "म्हातारी होऊन गेली. हमीदाबींच्या ताब्यात होती. चांगली ठेवली त्यांनी." मग म्हणाले, "शेवटपर्यंत भिंतीवर यायची म्हणे. मला मात्र नीट दिसत नव्हतं."

गाडी आली. पुतण्यानं त्यांना वर चढवलं. ते दारातच थांबले आणि माझा आवाज जिथून आला होता तिकडे तोंड करून म्हणाले, "और कुछ?"

ते सवयीनं म्हणाले की विचारलं, हे मला कधीच कळणार नाही. बायको शेजारी उभी होती. गार्डानं शिट्टी दिली.

"न्हाई," मी म्हणालो.

ते नुसते पाहत राहिले, पहिल्या दिवशी अंगणात पाहिलं होतं तसे. गाडी हलली.

पुढं राज्य गेलं, उर्दू कचेऱ्या गेल्या, पेशकारही गेले. पिवळ्या कपड्यांतच गेले, असं ऐकलं. मी आता त्याच खात्यात बऱ्या हुद्द्यावर आहे. मोरचूदाची चालही मागं पडली, दुसरी औषधं आली.

हमीदाबी अजून आष्टीला त्याच घरात आहेत. डोळे अधू झालेत, रजया शिवणं सुटलं आहे. फळी ठेवायची राहिली म्हणून म्हाताऱ्यानं स्वतःला सजा करून घेतली, असं त्या अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात म्हणे. फळी जागेवर होती आणि बी माझं होतं, हे त्यांच्या अंगणात उभं राहून सांगायचं माझ्याकडून बाकी आहे. आष्टीची मोटार आमच्या दारावरून जाते. मी अजून त्या मोटारीत बसलेलो नाही.